भाच्याची गाडी आणि सतरा इंचांचा हट्ट

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळीच भाच्याचा फोन आला. "मामू, चार चाकं बघून ठेवलीत. सतरा इंची, काळी, कडेला लाल रेघ. टायरसकट चौऱ्याऐंशी हजार म्हणतोय दुकानदार. हप्त्यानं देतो म्हणाला. घेऊ का?"

भाचा चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहे. डिप्लोमा झालेला, पगार बेताचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं २००८ सालची जुनी स्विफ्ट घेतली, अगदी खालचं मॉडेल. त्याच गाडीनं त्याला ऑटोक्रॉसमध्ये उतरायचं होतं. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. लोक मला ऱ्हस्व-दीर्घ विचारतात, चाकं विचारत नाहीत. पण बहीण मध्येच फोन घेऊन म्हणाली, "भाईजान, तुम्हीच सांगा त्याला. माझं ऐकत नाही." चौऱ्याऐंशी हजार म्हणजे त्या घराच्या चार महिन्यांच्या खर्चाचा प्रश्न होता. म्हणून मी त्यात पडलो. पडल्यावर मात्र महिनाभर दुसरं काही सुचलं नाही.

त्या महिनाभरात माझं जे मत झालं ते आधीच सांगतो. हौशी ऑटोक्रॉससाठी चाक निवडताना आपल्याकडची बहुतेक मुलं उलट्या टोकापासून सुरुवात करतात. आधी रिम पसंत करतात, मग त्यावर बसेल तो टायर घेतात आणि स्पर्धेचे नियम शेवटी वाचतात. खरा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. आधी नियम, मग जमीन, मग टायरचं रबर, त्यानंतर टायरचा साइज आणि सगळ्यात शेवटी रिम. हा क्रम चुकला की पैसा जातो आणि गाडी पहिल्यापेक्षा मंद होते.

हा खेळ आहे तरी काय?

ऑटोक्रॉस म्हणजे घड्याळाशी शर्यत. मोकळ्या मैदानावर किंवा डांबरी आवारात कोन मांडून वळणावळणाचा रस्ता आखतात. एका वेळी साधारणपणे एकच गाडी सुटते. शेजारी दुसरी गाडी नाही, धक्काबुक्की नाही. फेरी पाऊण मिनिटाची, फार तर दीड मिनिटाची. कोन पाडला तर वेळेत सेकंद वाढतात. अमेरिकेत स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हाच खेळ 'सोलो' या नावानं भरवतो. वाहनतळांवर, जुन्या धावपट्ट्यांवर या स्पर्धा होतात आणि पाडलेल्या प्रत्येक कोनामागे दोन सेकंदांचा दंड असतो. ब्रिटनमध्ये मात्र ऑटोक्रॉस म्हटलं की गवताचं किंवा मातीचं मैदान. आपल्याकडे दोन्ही प्रकार चालतात. डांबरावरही होतात, पण मुरूम-मातीच्या मैदानावर जास्त. देशातल्या मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. परवाना, गट, सुरक्षा यांचे नियम तिथून येतात आणि प्रत्येक स्पर्धेची स्वतंत्र नियमपत्रिका निघते.

या खेळाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो सामान्य माणसाच्या गाडीला दार बंद करत नाही. सोमवारी कामावर नेलेली गाडी रविवारी मैदानात उतरवता येते. वेगही फार नसतो. गाडी बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी चाळीस ते ऐंशीच्या दरम्यान असते. सतत वळण, ब्रेक, पुन्हा वळण. त्यामुळे इंजिनाची ताकद जरा मागे पडते आणि सगळा भार चार टायर जमिनीला टेकतात त्या चार हातभर जागांवर येतो. म्हणूनच चाकाचा प्रश्न इथे एवढा मोठा होतो.

चाचांचा सवाल

पहिल्याच सुट्टीत भाच्याला घेऊन मी आमच्या मोहल्ल्यातल्या टायरवाल्या चाचांकडे गेलो. चाचांची चाळीस वर्षं रबरात गेली आहेत. पंक्चर, बॅलन्सिंग, वाकलेल्या डिस्क सरळ करणं, सगळं. भाच्यानं मोबाइलवर त्या काळ्या चाकांचा फोटो दाखवला. चाचांनी चष्मा वर केला, फोटो बघितला आणि विचारलं, "बेटा, गाडी दौडानी है के दिखानी है?"

भाचा हसला. मी नाही हसलो, कारण सगळ्या चर्चेचं सार त्या एका सवालात होतं.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो. 'पंक्चरवाला' हा शब्द आजकाल आमच्या लोकांना हिणवायला वापरतात. वापरणाऱ्यांनी एकदा चाचांच्या दुकानात तासभर बसून बघावं. टायरच्या कडेवरून बोट फिरवून ते सांगतात की ही गाडी हवा कमी ठेवून चालवली आहे, की अलाइनमेंट बाहेर गेलेलं आहे, की चालवणारा वळणावर घाई करतो. हे इल्म आहे. त्याला पाटी नाही, एवढंच. भाच्याला आणखी एक गोष्ट उमजली. चकचकीत दुकानात त्याला कोणी विचारलंच नव्हतं की मैदान मातीचं आहे की डांबराचं. चाचांनी दुसरा प्रश्न तोच विचारला.

टायरवरची इबारत

माझा धंदा वाचायला शिकवण्याचा. म्हणून मी भाच्याला म्हटलं, आधी टायर वाचायला शीक. त्याच्या गाडीवर लिहिलं होतं: १६५/८० आर १४. ही एक ओळ, पण तिच्यात तीन वेगवेगळी मापं आहेत. १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्केवारीत. १६५ चे ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. १४ हा रिमचा व्यास, तो इंचात. मधला 'आर' रेडियलचा. मिशेलिन कंपनीनं १९४६ मध्ये पेटंट घेतलेली ती बांधणी आज सगळ्या मोटारींत आहे.

आता हिशेब. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की ३५५.६ अधिक २६४, म्हणजे साधारण ६२० मिलिमीटर. हा चाकाचा पूर्ण व्यास. दुकानदारानं सुचवलेला टायर होता २०५/४५ आर १७. भिंत ९२ मिलिमीटर, पूर्ण व्यास साधारण ६१६. भाचा लगेच म्हणाला, "बघा मामू, चारच मिलिमीटरचा फरक. म्हणजे काहीच बिघडत नाही."

त्याचा हिशेब बरोबर होता, निष्कर्ष चुकीचा. बाहेरचं माप तेवढंच राहिलं, पण आत काय बदललं? रबर आणि हवा कमी झाली, धातू वाढला. चाचांनी आम्हाला शेजारच्या धान्याच्या गोदामात नेलं. तिथल्या काट्यावर भाच्याचं टायरसकट लोखंडी चाक भरलं साडेतेरा किलो. चाचांकडे दुरुस्तीला आलेलं एक तसंच सतरा इंची चाक भरलं साडेअठरा. एका चाकामागे पाच किलो, चार चाकांचे वीस.

वीस किलोनं काय होतं, असं वाटेल. पण हे वजन डिकीत ठेवलेल्या पोत्यासारखं नाही. हे वजन फिरतं. गाडी पुढे ढकलायला लागते तेवढी ताकद तर लागतेच, शिवाय ते गरगर फिरवायलाही लागते. काठावरचं वजन म्हणूनच गाडीला जवळजवळ दुप्पट भासतं. वेग धरताना भासतं, ब्रेक लावतानाही भासतं. ऑटोक्रॉसमध्ये या दोन गोष्टींखेरीज असतं काय? त्यात हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खड्ड्यावरून, उंचवट्यावरून गेलं की जड चाक उडतं आणि परत जमिनीला टेकायला वेळ घेतं. जेवढा वेळ ते हवेत, तेवढा वेळ पकड शून्य.

रुंदी म्हणजे पकड नव्हे

दुसरा गैरसमज रुंदीचा. टायर रुंद झाला की जमिनीला टेकणारी जागा त्याच प्रमाणात वाढते, असं सगळ्यांना वाटतं. तसं होत नाही. टेकणारी जागा किती, हे मुख्यतः गाडीचं वजन आणि टायरमधली हवा ठरवतात. टायर रुंद केला की त्या जागेचा आकार बदलतो: ती आडवी रुंद होते आणि लांबीला आखूड. डांबरावर, वळणावर त्याचा फायदा होतो, हे खरं आहे. पण त्याला दोन अटी आहेत.

पहिली अट रबराची. टायरचं रबर मऊ असेल तर रुंदीचा उपयोग. टणक रबराचा रुंद टायर म्हणजे रुंद लाकूड. पाऊण मिनिटाच्या फेरीत टायर तापायला वेळच मिळत नाही, म्हणून थंड असतानाच पकडणारं रबर इथे लागतं. त्याचा थोडाफार अंदाज टायरच्या भिंतीवरच्या 'ट्रेडवेअर' या आकड्यावरून येतो. आकडा जितका मोठा तितका टायर जास्त टिकाऊ आणि साधारणपणे कमी चिकट. अमेरिकेतल्या सोलोच्या 'स्ट्रीट' गटात हा आकडा किमान २०० हवा, असा नियम आहे. कारण त्याहून मऊ टायर म्हणजे रस्त्याचा वेष घेतलेला शर्यतीचा टायर. मात्र हा आकडा कंपनीच ठरवते. एका कंपनीच्या ३०० ची दुसऱ्या कंपनीच्या ३०० शी तंतोतंत तुलना करू नये. त्याच्याशेजारी असणारं 'ट्रॅक्शन'चं अक्षर फक्त ओल्या जमिनीवरच्या सरळ ब्रेकचं असतं. वळणाबद्दल ते काही सांगत नाही.

दुसरी अट रिमची. प्रत्येक टायरला रिमची ठरावीक रुंदी लागते. २०५/४५ आर १७ ला साडेसहा ते साडेसात इंच रुंदीची रिम हवी. १९५/५० आर १५ ला साडेपाच ते सात. १८५/६० आर १४ ला पाच ते साडेसहा. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की तो फुग्यासारखा फुगतो. वळणावर रिम एका बाजूला आणि रबर दुसऱ्या बाजूला. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी जरा विचार करून वळते. अशा वेळी योग्य रिमवरचा अरुंद टायर रुंद टायरपेक्षा चांगला चालतो.

आणि मैदान मातीचं असेल तर रुंदीचं सगळं गणितच उलटं होतं. सुट्या मुरमाच्या थरावर रुंद टायर तरंगतो. अरुंद टायर तो थर कापून खालच्या घट्ट जमिनीला भिडतो. भिंत उंच असेल तर दगड आणि खाच ती पोटात घेते. ४५ टक्क्यांची भिंत घेऊन मातीच्या मैदानात जाणं म्हणजे पातळ तळव्याची चप्पल घालून डोंगर चढणं. दगड लागला की रिमच वाकते.

मग कोणता साइज?

आम्ही शाळेच्या फळ्यावर बसवलेला हिशेब इथे देतो. ज्यांच्याकडे त्याच मापाचे टायर असतील त्यांना तो जसाच्या तसा कामाला येईल. बाकीच्यांनी आपले आकडे घालावेत.

पहिला पर्याय: १८५/७० आर १४. हा त्याच स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीनंच दिलेला साइज. पूर्ण व्यास साधारण ६१५. म्हणजे बाहेरचं माप जवळपास तेच, रुंदी २० मिलिमीटर जास्त, आणि भाच्याच्या मूळ लोखंडी रिमवर तो बिनदिक्कत बसतो. नव्या रिमचा खर्च शून्य.

दुसरा: १८५/६० आर १४. व्यास साधारण ५७८, म्हणजे मूळच्या चाकापेक्षा सुमारे सात टक्के लहान. याचा एक सरळ फायदा आहे. चाक लहान झालं की प्रत्येक गिअर तेवढा 'आखूड' होतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सात टक्के जास्त जोरानं ओढते. तोटेही तेवढेच सरळ आहेत. गाडी २१ मिलिमीटरनं खाली बसते, आपल्याकडच्या गतिरोधकांवर ते लगेच कळतं. काटा ८० दाखवतो तेव्हा खरा वेग ७५ च्या आसपास असतो. आणि दुसरा गिअर लवकर संपतो. लांब सरळ पट्टा असेल तर मध्येच तिसरा टाकावा लागतो आणि कमावलेला वेळ तिथेच जातो.

तिसरा: पंधरा इंची हलकी रिम, सहा इंच रुंद, आणि १९५/५५ आर १५. व्यास साधारण ५९५, म्हणजे चार टक्के लहान. गाडी १२ मिलिमीटर खाली. डांबरी मैदानासाठी हा मधला मार्ग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. एक प्रामाणिक कबुली इथे द्यायला हवी. मोठ्या रिमच्या बाजूनं बोलणारे जो एक मुद्दा मांडतात तो खरा आहे: आपल्या बाजारात मऊ रबराचे चांगले टायर चौदा इंचात फार कमी मिळतात, पंधरापासून पुढे निवड वाढते. कुणाच्या गाडीचे ब्रेकच मोठे असतील तर त्यांच्यावर लहान रिम बसतही नाही. पण हे मुद्दे चौदाहून पंधरावर जाण्याचे आहेत. छोट्या गाडीला सतरावर नेण्याचे नाहीत.

आता रिम घ्यायचीच असेल तर व्यास आणि रुंदीपलीकडे आणखी काही मापं विचारून घ्यावीत. नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास: या स्विफ्टला चार नट, १०० मिलिमीटर. मधलं भोक: गाडीच्या हबवर रिम घट्ट बसली पाहिजे. बाजारातल्या बहुतेक रिमचं भोक मोठं असतं आणि मधली फट भरायला कडी लागते. ती कडी न घालता नुसत्या नटांवर चाक लटकवलं की ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि मालक बॅलन्सिंगवर पैसे घालवत बसतो. तिसरं माप ऑफसेट, म्हणजे रिम हबपासून किती आत किंवा बाहेर बसते ते. चाक मडगार्डच्या बाहेर काढलं की दिसायला रुबाबदार वाटतं. पण बेअरिंगवर भार वाढतो आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग हातातून ओढलं जातं. सोलोच्या स्ट्रीट गटात रिमचा व्यास एक इंचानं कमी-जास्त चालतो, ऑफसेटमध्ये सात मिलिमीटरची सूट मिळते, पण रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते. ज्या देशात हजारो माणसं दर आठवड्याला हा खेळ खेळतात, तिथला हा गट असा बांधलेला आहे. त्यामागे विचार आहे. पैशाची चढाओढ सुरू झाली की खेळ संपतो.

टायरच्या भिंतीवर आणखी चार अंक असतात, ते तर न चुकता वाचावेत. २३१९ असेल तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर न वापरताही म्हातारा होतो, रबर टणक पडतं. सवलतीत मिळालेला सहा वर्षांचा 'नवा' टायर स्पर्धेत कामाचा नाही आणि रस्त्यावरही मी घेणार नाही.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

दुकानदार दोन गोष्टी सांगत नाहीत. एक, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. वरच्या मॉडेलचा कंपनीमान्य साइज घेतला तर आपण सुरक्षित बाजूला राहतो. दोन, विमा. खासगी गाडीची नेहमीची पॉलिसी उघडून 'वापराच्या मर्यादा' वाचा. संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांना ती लागू होत नाही, असं तिथे छापलेलं असतं. म्हणजे मैदानात गाडी आपटली तर सगळा खर्च आपलाच. भाच्यानं ही ओळ वाचली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प बसला. मला वाटतं, चौऱ्याऐंशी हजारांचा हट्ट खरा तिथे सुटला. ज्या मुलाकडे गाडी दुरुस्त करायला पैसे उरणार नाहीत, त्यानं ते आधीच चाकात घालू नयेत.

मैदानावर

शेवटी त्यानं १८५/७० आर १४ चे चार नवे टायर घेतले, जुन्याच लोखंडी डिस्कवर. वीस हजारांच्या आत काम झालं. उरलेल्यातून चांगलं हेल्मेट आणि स्पर्धेची फी. पत्रिकेत मैदान दाबलेल्या मुरमाचं असल्याचं लिहिलं होतं, म्हणून हाच साइज बरोबर होता.

मीही गेलो होतो. खिशात शाळेतला खडू घेऊन. चाचांनी सांगितलं होतं तसं प्रत्येक टायरच्या खांद्यावर, म्हणजे जमिनीला टेकणारा भाग संपून भिंत सुरू होते तिथे, खडूची आडवी रेघ ओढली. फेरी झाली की ती किती पुसली ते बघायचं. भिंतीपर्यंत खाली पुसली तर टायर वळणावर लोळतोय, हवा थोडी वाढवा. खांद्यापर्यंतही पोचली नाही तर हवा जास्त आहे, थोडी काढा. पहिल्या फेरीत पुढचे टायर चांगलेच लोळले होते. पुढे दोन-दोन पौंड हवा वाढवली. दुसऱ्या फेरीत रेघ निम्मी राहिली. वीस वर्षं खडू हातात धरून मी जे शिकवलं, त्यात एवढं ताबडतोब उत्तर मला कधी मिळालं नव्हतं.

भाचा जिंकला का? नाही. आपल्या गटात मधोमध कुठेतरी आला. तिसऱ्या फेरीत दोन कोन पाडले. आणि खरं सांगायचं तर सतरा इंची चाकांची एक गाडी त्याच्या पुढे होती. भाचा हिरमुसला. मी त्या गाडीच्या मालकाशी बोललो. तो पाच-सहा वर्षं हे करत होता. म्हणाला, "सर, ही चाकं मी घेतली तेव्हा मलाही माहीत नव्हतं. आता विकायला काढलीत." वळणाआधी ब्रेक कुठे सोडायचा, नजर कुठे ठेवायची, हे त्याला येत होतं. जड चाकांसकट तो पुढे होता, जड चाकांमुळे नव्हे.

पण भाच्याच्या कागदावर आणखी एक आकडा होता. पहिल्या आणि चौथ्या फेरीत साडेचार सेकंदांचा फरक. टायर तेच, रिम तीच, गाडी तीच. हवेत दोन पौंडांचा बदल आणि वाट ओळखीची झालेली, एवढंच. कुठल्या दुकानात साडेचार सेकंद विकत मिळाले असते?

माझा विरोध मोठ्या चाकांना नाही. कुणाला ती आवडतात, कुणाला परवडतात, त्यांनी खुशाल लावावीत. हौस हीदेखील गरज आहे आणि गरीब घरातल्या मुलालाही तिचा हक्क आहे. माझा आक्षेप आहे तो हौशीला वेगाच्या नावाखाली विकण्याला. आमच्या भागात कितीतरी मुलं गॅरेजात, कारखान्यात, टायरच्या दुकानात राबतात. गाडीची जाण त्यांच्या हातात आहे. हा खेळ त्यांचा होऊ शकतो. पण पहिल्याच पायरीवर त्यांना लाखाचा आकडा दाखवला, तर ती मागे फिरतील किंवा कर्जात उतरतील. त्यांना कुणीतरी सांगायला हवं की पहिला हंगाम कंपनीच्या रिमवर, चांगल्या रबरावर आणि बरोबर हवेवर खेळता येतो.

परवा भाचा पुन्हा चाचांकडे गेला होता. या वेळी त्याच्या हातात वहीचा कागद होता: पंधरा इंच, सहा इंच रुंद, वजन इतकं, ऑफसेट इतका. काळ्या रंगाचा उल्लेख नव्हता. चाचांनी कागद नीट वाचला, बरोबर आहे म्हणाले आणि परत त्याच्या खिशात घातला. "पहले ये चार घिस ले," ते म्हणाले, "फिर आ."